बाहीवरचे तेरा टाके

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आणि हे ‘नव्हता’ लिहितानासुद्धा मला राग येतोय. आमचं बौद्ध कुटुंब. आजोबांनी घरातला देव्हारा काढला तेव्हा भूतखेत, अंगारा, उतारा सगळंच त्याच्याबरोबर गेलं. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की माझी आई विचारायची, "डॉक्टरला दाखवलं का?" मीही त्याच वळणाची.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं शिलाईचं छोटं वर्कशॉप होतं. चार मशीन, जीन्सच्या चेन आणि खिशांचं काम. राहायला अंबरनाथ पूर्वेला. बाजारातले लछूभाई परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठी फोडायचे. त्यात क्वचित लष्करी वैमानिकांची जुनी जॅकेट निघायची... बाहेरून चामडं, आतून मेंढीची लोकर, मोठी कॉलर, दणकट चेन. उंचावरच्या थंडीसाठी बनवलेली. पहिलं जॅकेट उलटं करून त्याची शिलाई पाहिली आणि मला नादच लागला. २००६ पर्यंत सहा जमली होती. मिस्टर म्हणायचे, "इथे पंखा बंद पडला तर जीव जातो, आणि ही बाई लोकर गोळा करतेय!" मी गोळा करते, घालत नाही. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, ती काय पत्रावर लावायला?

सातवं लछूभाईंनी स्वतः आणून दिलं. "मॅडम, पायलट का माल है. आपके लिए साइड में रखा था." माल खरंच चांगला होता. फक्त डाव्या बाहीवर वीतभर फाटलं होतं आणि कुणीतरी ते मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याने हातानेच शिवलं होतं. तेरा टाके, सातवा वाकडा. अशी जुनी दुरुस्ती जमवणाऱ्याने तशीच ठेवायची असते, हे मला माहीत होतं. पण आयुष्य शिलाईत गेलेलं... तो वाकडा टाका मला बघवेना. मी ब्लेड घेतलं.

शेजारच्या मशीनवर सुनंदा होती. जांभूळ गावची, माझ्याकडे अकरा वर्षं. तिने मशीन थांबवलं.

"ताई, नका ना उसवू. ज्यानं शिवलं त्यानं थंडीत, घाईत शिवलं असंल. राहू द्या त्याचं."

"त्याचं कसलं? आता माझं आहे."

"तुमचं जॅकेट. टाके त्याचेच ना?"

मी हसले आणि उसवलं. दोरा केरात गेला. बाही तशीच उघडी ठेवून, शटरला कुलूप लावून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाही शिवलेली! तीच भोकं, तसाच काळा दोरा, तेरा टाके. सातवा वाकडा.

शटरच्या किल्ल्या दोनच. एक माझी, एक सुनंदाची, आणि रोज ती माझ्या आधी येऊन उघडायची. शिवाय आदल्या दिवशी अडवलंही तिनेच होतं. आता सांगा, दुसरा काय विचार करायचा?

"सुनंदा, हा काय चावटपणा आहे?"

"मी नाय केलं ताई."

"मग कुणी, लछूभाईंनी?"

"गावदेवीची शपथ घेऊन सांगते, मी हातपण नाय लावला."

"देवाबिवाची शपथ माझ्याकडे चालत नाही."

"मग काय चालतं तुमच्याकडं?"

"पुरावा."

बाकीच्या मशीनवरच्या दोन्ही मुली कान टवकारून ऐकत होत्या. सुनंदाने कमरेची किल्ली काढली, मशीनवर ठेवली आणि डबा उचलून चालू पडली. मीही हाक मारली नाही. माझ्या मालाला न विचारता हात लावायचा आणि वर तोंडावर नाही म्हणायचं!

जॅकेट मी घरी आणलं. रविवारी सकाळी दहाला परत उसवलं. या वेळी दोऱ्याचे तुकडे एका वाटीत ठेवले. जॅकेट लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये. मी त्याच खोलीत बसून मटार सोलले, कणीक मळली. मिस्टर बाहेर मॅच बघत होते. एक वाजता त्यांना उसवलेली बाही दाखवायला कपाट उघडलं.

तेरा टाके. वाटीतले तुकडे वाटीतच होते.

मिस्टर म्हणाले, "तूच शिवलं असशील आणि विसरलीस." पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाने हे बोलावं! मेण लावलेला दोरा घरात नाही, दाभण नाही. मी काय नखाने चामडं शिवलं? इतकी चिडले होते की भीती वाटायला संध्याकाळ झाली. आणि भीती त्या टाक्यांची नव्हती. मी सुनंदाला काय बोलून बसले, ते आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला उतरले आणि रिक्षाने जांभूळ गाठलं. सुनंदा अंगणात वाल सोलत होती. उठली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कपाट, कुलूप, वाटी. माफी मागितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी खोटारडी नाय, हे तुम्हाला त्या मेलेल्या माणसानं सांगितलं."

"तसं नाही गं..."

"तसंच. गावदेवी चालत नाय, अकरा वर्षं चालत नाय, आणि भूत चालतं? वा, ताई." मग सुनेला हाक मारली, "पाणी आण गो, पाव्हण्या आल्यात."

पाव्हण्या! अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

ती परत आली नाही. तिच्या जागी तीन बायका येऊन गेल्या. जॅकेट अजून माझ्याकडे आहे. पुन्हा उसवलेलं नाही. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी ‘स्मृतिभ्रम’ म्हटलं, एका शेजारणीने लिंबू आणून दिलं. दोघांनाही मी दार दाखवलं. ते टाके कुणी घातले, कसे घातले, मला आजही माहीत नाही. आणि ज्याने घातले त्याच्यावर माझा राग आहे. त्याला आपली बाही शिवायची होती तर माझ्या डोळ्यांसमोर शिवायची होती, सुनंदा शेजारी बसलेली असताना.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर टाक्यांचा सांगा. सुनंदा का आली नाही, ते सांगू नका. ते मला कळतं.