एक्स-रेमागचा डोंगर

वरच्या मजल्यावरच्या डॉ. परवीन मूळच्या इराणच्या. शिकायला पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. देश सोडलेल्या आणि देशात राहिलेल्या इराणी डॉक्टरांची एक संस्था आहे. अवघड पेशंट आला की तिकडचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर यांचा सल्ला घेतात. काल मी डबा परत द्यायला गेले, तेव्हा कॉल चालूच होता.

"बसा ताई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी एका लहान मुलीचा एक्स-रे खिडकीच्या काचेला धरला होता. मला त्यातलं काय कळणार? परवीन मात्र पुढे झुकून बघत होत्या. मग हसल्या.

"फुप्फुस मोकळं होतंय. बरी होणार पोरगी."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली घेतला, पण फोन तसाच धरून ठेवला. खिडकीत बर्फानं पांढरा झालेला डोंगर होता. परवीन त्याच्याकडेच बघत राहिल्या.

इतका वेळ मी समजत होते, देणारे इकडचे आणि घेणारे तिकडचे. पण गाव सोडताना विद्या बरोबर नेता येते, डोंगर कुठे नेता येतो? तो मागे राहिलेल्यांनीच अधूनमधून दाखवायचा.

तरी माझा स्वभाव आडवा आलाच. "इस्पितळात एक्स-रे बघायला साधा दिवा नाही?"

"मागे बिघडला होता, तेव्हापासून खिडकीशी धरतात."

"मग दुरुस्त करायचा की!"

"तो केव्हाच झालाय," डोंगरावरची नजर न काढता त्या म्हणाल्या.