काहिलीखालची झोप

काहीलमामा दुपारची झोप पाण्याखाली घ्यायचे. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, एवढी मोठी की तिच्यात खाट मावावी. मामा ती पत्र्याचे तुकडे रिबिटांच्या खिळ्यांनी जोडून बनवायचे. काम झालं की काहील विटांच्या चार खांबांवर चढायची, तिच्यात वीतभर पाणी भरलं जायचं, आणि मामा सदरा काढून खाली गोणपाटावर पालथे पडायचे. उघड्या पाठीवर थेंब पडला तर सांधा कच्चा, नाही पडला तर काहील पक्की. गिऱ्हाईक समोर बसून चहा प्यायचं आणि मामा खाली घोरत असायचे.

"मामा, उन्हाळ्यात घाम पण येतो की पाठीवर," मी एकदा म्हटलं होतं. त्यावर मामा म्हणाले, "माझा घाम मला वळखू येतो गं. पाणी परकं असतंय."

मामी मात्र तेवढा वेळ उंबऱ्यावर बसून विटांकडे बघत राहायची. गिऱ्हाइकाशी बोलायची, पण मान वळवायची नाही. तिला कारण होतं. मी आणि मामेभाऊ दत्ता शाळेत असताना एकदा एक खांब ढासळला होता. काहील कलंडली, पाणी लोटलं, आणि मामा सरपटत बाहेर आले तेव्हा त्यांचा खांदा निखळला होता. खांदा बसवून आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मामा पुन्हा तिथंच झोपले. दत्ता मात्र त्यानंतर भरलेल्या काहिलीच्या आसपास कधी फिरकला नाही. मोठा झाल्यावर शिक्रापूरला कंपनीत लागला, खोली घेऊन तिकडंच राहिला.

कासुर्डीच्या शिवारात, सोलापूर रस्त्याला लागून मामांची शेड होती. शेडला पाटी नव्हती. रस्त्याकडेच्या चिंचेला एक जुनी काहील टेकवून ठेवलेली, तीच पाटी. "पाटी त्यानं लावावी ज्याचं नाव कुणी घेत न्हाई," असं मामा म्हणायचे. साताऱ्याकडून, कर्नाटकातून माणसं यायची, चिंच दिसली की ट्रक थांबायचा. बारकी पोरंसुद्धा पत्ता सांगताना चिंचेपासून मोजायची.

मग रस्ता चौपदरी व्हायला लागला. चिंच पाडली, शेडही गेली. मामांनी कालव्याच्या अंगाला, गावाच्या मागं नवीन शेड आणि तिला लागून घर टाकलं. रस्त्यावरून तिथलं काही दिसायचं नाही. त्या वर्षी गिऱ्हाईक फिरकेना. मामा म्हणायचे, "येतील. काहील काय भाजी हाय का, रोज घ्यायला?" पण यवतच्या बाजारात साताऱ्याचा एक जुना गुऱ्हाळवाला त्यांना दिसला आणि बघतच राहिला. रस्त्यावर कुणीतरी नवा शेडवाला बसला होता, त्यानं त्या माणसाला सांगितलं होतं की मामा वारले. मामा घरी येऊन हसत म्हणाले, "मी मेलोय म्हनं, आन् मलाच ठावं न्हाई." मामी हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

दत्ताला हे कळलं तसा तो शिक्रापूरहून आला. एका कंपनीच्या गेटवर त्यानं बापासाठी वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं. म्हणाला, "आबा, आता बास झालं. गुऱ्हाळं तरी किती ऱ्हायलीत? दसरा झाला की चला माझ्यासंगं."  मामा म्हणाले, "दसऱ्यापतुर थांब. एक सुदिक काहील न्हाई गेली, तर येतो." मामांनी शब्द दिला म्हणजे दिला. दत्ता निश्चिंत होऊन गेला.

मी तेव्हा यवतला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मला राग यायला वेळ लागत नाही. तो आईकडून आलाय, आणि आई मामांची सख्खी बहीण. या माणसानं गेटवर खुर्ची टाकून साहेबांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा? मी त्याच आठवड्यात मामांपुढं जाऊन बसले. "मामा, आपण तुमची वेबसाइट काढू."

"म्हंजी काय करू?"

"चिंच समजा. पण ही चिंच कुणाला पाडता यायची नाही. आणि ती कासुर्डीतच दिसेल असं नाही, कुठंही बसून दिसेल. रात्री-अपरात्री बघा, तुमचं नाव, फोन, यायचा रस्ता सगळं तिथं."

मामांनी विचार केला. "आन् लई जणांनी बघितली तर झिजत न्हाई ना?"

"नाही झिजत."

"तुझा क्लास बंद असला तर?"

"तरी दिसते."

"पर न बघता काहील घ्यायाला कोन येडा बसलाय?"

"न बघता कशाला? तुम्ही झोपा. मी फोटो काढते."

हे त्यांना पटलं. क्लासचा कॅमेरा मी मागून आणला. मामा नेहमीसारखे पाण्याखाली पालथे पडले आणि फोटो निघायच्या आत घोरायला लागले. तोच फोटो मी पहिल्या पानावर टाकला, खाली मराठीत आणि हिंदीत लिहिलं की हे मामा, ही त्यांची काहील, आणि ही त्यांची गॅरंटी. मोठ्या रस्त्यापासून शेडपर्यंतचं प्रत्येक वळण लिहिलं. पान उघडलं त्या दिवशी मामांनी क्लासमध्ये येऊन कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं, सरांनी मला बोल लावले, ते मी ऐकून घेतले.

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला, फोन काही वाजला नाही. मग एक दिवस वाजला. मध्य प्रदेशातले एक गूळवाले शेठ होते. त्यांच्या पुतण्यानं कॉलेजात बसून ते पान पाहिलं होतं. शेठना चार काहिली हव्या होत्या, दसऱ्याच्या आत. त्यांना यायला जमणार नव्हतं, ट्रक पाठवतो म्हणाले. मामांनीच अट घातली, "आमी एकेक के नीचे सोयेंगा. फोटू तुम देखो. फिर गाडी जायेंगा."

सगळं घर कामाला लागलं. घटस्थापनेपासून कालव्यावर ठोक्यांचा आवाज सुरू झाला तो थांबेना. खंडेनवमीला सकाळी ट्रक दारात आला. त्याच्या मागोमाग दत्ताही आला. उद्या दसरा, म्हणून बापाला न्यायला आला होता, पिशवीत वॉचमनचा निळा युनिफॉर्म घेऊन. ट्रक बघून त्यानं पिशवी मागं लपवली.

पहिल्या तीन काहिली कोरड्या निघाल्या. प्रत्येकीचा फोटो मी काढला, ट्रकमध्ये त्या चढल्या. चौथीखाली मामा झोपले, घोरले, आणि एकदम घोरणं थांबलं. मी वाकून बघितलं. त्यांच्या पाठीवर दिवसभराची काजळी बसली होती आणि तिच्यातून पाण्याचा एक बारीक ओघळ उतरला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "छोड़ो चाचा, एक बूँद है. रस चढ़ेगा तो अपने आप बंद हो जाएगी." खोटं नव्हतं ते. अशी बारीक गळती पहिल्या आटवणीतच जळून बुजते, मामांनीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, "मामा, जाऊ द्या. ट्रक परत यायचा नाही."

"फोटू काढ."

"पुसून घ्या पाठ, मग काढते."

"पुसायचं न्हाई. ह्योच काढ, आन् ह्यो बी टाक तिथं."

माझा तोल गेला. "अहो, वेबसाइटवर आपली गळकी काहील कुणी दाखवतं का? लोक चांगलं तेवढं दाखवतात! शेठनं हे बघितलं की ट्रक रिकामा करा म्हणेल, आणि उद्या तुम्ही गेटवर. मामी, तुम्ही तरी सांगा की यांना."

मामी विटांवरची नजर न काढता म्हणाली, "सांगून ऐकलं असतं तर मी हितं बसले असते व्हय?"

मामा बाहेर आले. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, ते तीन फोटू त्याला कशामुळं खरं वाटतील? ह्यो चौथा बघितला तरच वाटतील ना?"

मी यवतला जाऊन चारही फोटो टाकले. चौथ्याखाली लिहिलं, ही गळली, पाठवत नाही. लिहिताना मी रडत होते. ट्रक शेडमध्येच थांबला होता. दुसऱ्या दिवशी दसरा. मामांनी हातोड्याची पूजा केली, आपट्याची पानं दिली. दत्ता पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. जेवणं झाली. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दुपार कलली तसे मामा उठले, पायात वहाणा घातल्या आणि दत्ताला म्हणाले, "चल."

तेवढ्यात फोन वाजला. मामांना ठोक्यांमुळं कमी ऐकू यायचं, म्हणून शेठ फोनवर ओरडत होते आणि ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. तीन पाठवा म्हणाले. चौथी दुरुस्त करा, पुन्हा तिच्याखाली झोपा, मग पाठवा. आणि एक भावाच्या गुऱ्हाळासाठी करा. मामा एवढंच म्हणाले, "सोयेंगा." मग त्यांनी वहाणा काढल्या. दत्तानं पिशवीतून युनिफॉर्म काढून त्यांच्यापुढं ठेवला. मामांनी कापड चाचपून बघितलं. "चांगलं हाय की," म्हणाले, आणि गोणपाटाच्या जागी ते अंथरायला घेतलं.

पुढं कुठून कुठून फोन आले. गंमत म्हणजे बहुतेक जण त्या गळक्या फोटोबद्दल बोलायचे. मी तो पानावरून कधी काढून टाकला नाही.

मामा एका पावसाळ्यात गेले, थोड्या दिवसांच्या आजारानं, घरात, कोरड्या अंथरुणावर. दिवस झाल्यावर दत्ता आणि मी शेड आवरायला गेलो. शेठची एक काहील तयार होती, नुसतं झोपायचं राहिलं होतं. दत्ता म्हणाला, "भंगारात देऊ. आता कोण झोपणार?" आणि फोन वाजला. शेठच होते. मामांना द्या म्हणाले. दत्तानं माझ्याकडं बघितलं.  मग म्हणाला, "सोये है. काहिली के नीचे." शेठ म्हणाले, बरं, फोटो टाका.

 फोन ठेवून दत्तानं काहील खांबांवर चढवून घेतली, पाणी भरलं, सदरा काढला. "सुमे, विटा नीट हायत का बघ." मी चारही खांब हलवून बघितले. तो निळ्या कापडावर पालथा पडला, पण घोरला नाही.  मामा गेल्यापासून घराबाहेर न आलेली मामी बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि तिनं विटांवर नजर लावली.

पाठ कोरडी राहिली. मी फोटो काढला आणि विचारलं, "खाली काय लिहू?"

दत्ता पाण्याखालूनच म्हणाला, "मामा गेले, असं लिही. आन् खाली त्येंचा पोरगा झोपलाय, असं लिही."