हळूहळू हलवलेलं बिऱ्हाड

आमच्या ह्यांना आयत्या वेळची धावपळ अजिबात खपायची नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या माणसांचा त्यांना भारी राग. होळीच्या सुमाराला छत्र्या दुरुस्त करून ठेवणारा माणूस, आणखी काय सांगू! तर नाशकातलं बिऱ्हाड देवळाली कॅम्पात न्यायचं त्यांनी ठरवलं अक्षय्यतृतीयेला, आणि राहायला जायचं होतं दसऱ्याच्या मुहूर्तावर. मधे अख्खा पावसाळा.

जाणं भाग होतं, ते मी नाकारत नाही. हे कॅम्पातल्या एका ठेकेदाराकडे कारकून होते. लष्कराला दाणागवत पुरवायचं काम. सकाळी सायकल हाणत जायचं, दिवेलागणीला परत यायचं. मागच्या पावसाळ्यात भिजून भिजून जो खोकला धरला, तो संक्रांतीपर्यंत हटला नाही. ठेकेदाराने बाजारामागच्या चाळीतल्या दोन खोल्या देऊ केल्या. एक लगेच, दुसरी दसऱ्याला रिकामी होणारी. इकडे आमच्या घरमालकानेही दसऱ्यापासून जागा दुसऱ्याला कबूल करून टाकली. म्हणजे मागे फिरायची सोयच राहिली नाही.

घोर एकच होता, माझ्या सासूबाईंचा. त्यांना दिसत नव्हतं. हे रांगते असताना त्यांना देवी आल्या, त्यातून जीव वाचला पण डोळे गेले. म्हणून कुणी कीव करायला जावं, तर त्याची धडगत नसे. आमच्या त्या दोन खोल्यांत त्यांना कुणाची गरज म्हणून नव्हती. दारातून आत आल्या की हात धान्याच्या कोठीवर, मग भांड्यांच्या मांडणीवर, मग पाण्याच्या हंड्यावर, त्याच्यापुढे चूल. तिथून वळलं की जातं, आणि भिंतीच्या कडेकडेने मागल्या दारी विहीर. पाणी स्वतः शेंदायच्या, भाकऱ्या स्वतः थापायच्या, आणि वर मलाच सुनवायच्या, "एवढे दोन डोळे दिलेत देवाने, तरी दूध उतू जातंच कसं गं?" मी मनातल्या मनात चरफडायची आणि दूध पुसायची. मोरीवर जायलासुद्धा त्यांनी कधी कुणाचा हात धरला नव्हता. "चौघंजण धरतीलच की एक दिवस, आत्तापासून कशाला?" म्हणायच्या.

ह्यांनी आईचाही विचार केला होता, खोटं कशाला बोलू? आमच्या आळीतला एक बागवान दर बाजाराला कॅम्पात भाजीची गाडी न्यायचा. तो म्हणाला, "एखादं जड सामान टाकत जा भाभी, बैलांना काय समजतंय!" तेव्हा ह्यांनी बेत केला की दर बाजाराला एकेक वस्तू तिकडे पाठवायची आणि दर रविवारी आईला टांग्यातून नेऊन ती जागा हाताने ओळखीची करून द्यायची. दसऱ्यापर्यंत घर पाठ होईल, आईला अवघड जाणार नाही. मला वाटलं, आईची एवढी काळजी करणारा मुलगा शोधून सापडायचा नाही. मीसुद्धा भुलले.

पहिल्यांदा कोठी गेली. सकाळी सासूबाईंच्या देखत, म्हणजे त्यांच्या समोरच, दोघांनी उचलून नेली. त्यांनी स्वतःच "दार लागेल, जपून" म्हणून बजावलं. पण संध्याकाळी आत आल्या आणि सवयीने हात पुढे केला, तर तिथे काहीच नाही. तोल जाऊन भिंतीवर आदळल्या. "अगंबाई, गेली नाही का ती!" म्हणून हसल्या. आम्हीही हसलो.

मग जातं गेलं. मग मांडणी गेली, आणि भांडी सगळी भुईवर आली. एकदा त्यांचा पाय ताकाच्या पातेल्यात गेला, तेव्हा मात्र हसल्या नाहीत. "माणसं उठवून घर ठेवलेलं पाहिलंय मी, घर उठवून माणसं ठेवलेली नव्हती पाहिली," म्हणाल्या. पुढच्या बाजाराला ह्यांनी हंडा नेला. त्याच दिवशी दुपारी सासूबाई चुलीकडे निघाल्या. हंडा लागला नाही, म्हणजे चूल अजून लांब आहे असा त्यांचा अंदाज. सरळ तापल्या तव्यावर तळवा टेकला.

ह्यांना जेवताना मी म्हटलं, "पुरे करा आता हे. जे राहिलंय ते दसऱ्याला एकदम नेऊ या."

"अगं, थोडंच तर उरलंय. आणि तिकडचं घर शिकतेच आहे ना ती?"

कसली शिकतेय! तिकडची गंमत वेगळीच होती. पहिल्या रविवारी दार, दारापासून कोठी, असं त्यांनी नीट हाताळून घेतलं. पुढच्या रविवारी गेलो, तर जागा गळते म्हणून कोठी दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली. त्याच्या पुढच्या रविवारी कोठीपुढे जातं आलेलं. मग ठेकेदाराने आपली दाण्याची पोती तिथे आणून टाकलेली. दर खेपेला सासूबाई मागचं शिकलेलं विसरायच्या आणि नवं शिकायच्या, आणि घरी परत यायच्या तर इथली एक वस्तू कमी झालेली असायची. नाशकात घर संपत होतं, कॅम्पात जमत नव्हतं. हे मी ह्यांना परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! "आयत्या वेळी सगळं एकदम बदललं, तर तिला धक्का नाही का बसणार?" म्हणाले. ह्यांच्या तोंडापुढे माझं कधी चाललंय?

मी माझ्या परीने उपाय करून पाहिला. शेजारणीकडून एक रिकामी ट्रंक मागून आणली, तिच्यावर दुसरी चढवली आणि कोठीच्या जागी उभी केली. वाटलं, हाताला काहीतरी लागेल. सासूबाई आल्या, हात टेकला, बोटं कडेवरून फिरवली.

"हे काय आहे गं?"

"ट्रंक आहे. म्हटलं, तुम्हाला..."

"काढून टाक. मला खेळवू नकोस."

मला रडू आलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण आवाजात रागही नव्हता. भाद्रपदात त्यांनी विहिरीवर जाणं सोडलं, चुलीशी येणं सोडलं. भिंतीला टेकून बसायच्या. एके दिवशी मी मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. जळका वास घरभर झाला. म्हटलं, आता तरी खेकसतील. काही बोलल्या नाहीत. मी चूल पुसली, आणि कितीतरी वेळ तीच तीच जागा पुसत बसले.

दसऱ्याला आम्ही कॅम्पात राहायला गेलो. धावपळ म्हणाल तर शून्य, टांग्यात आम्ही तिघं आणि देवांची पेटी. ह्यांनी आधल्या दिवशी रजा घेऊन सगळं नाशकासारखं लावलं होतं. दार, कोठी, मांडणी, हंडा, चूल. लहान मुलासारखे उतावीळ झाले होते. "आई, तस्संच्या तस्सं लावलंय बघ. चाल तू. हात पुढे कर, कोठी लागेल."

सासूबाईंनी हात पुढे केला. कोठी लागली. तिच्यावरून दोनदा हात फिरवला. "छान लावलंस हो बाळा," म्हणाल्या, आणि तिथेच कोठीला टेकून खाली बसल्या. पुढे गेल्या नाहीत. हे नुसते बघत उभे राहिले. त्या माणसाला पुढे काय करावं ते सुचत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

वाटलं होतं, चार दिवसांत उठतील. दिवाळी आली, गेली. जेवायला ताट पुढ्यात, पाणी पुढ्यात. मोरीवर मी न्यायची. हाक मारली की मी यायची, आणि त्या मुकाट्याने हात पुढे करायच्या.

एकदा चाळीच्या नळावर गर्दी होती, मला यायला उशीर झाला. लांब कुठे तोफांचा सराव चालला होता, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. घरात आले तर सासूबाई बसल्या जागी अंग चोरून बसलेल्या. लुगडं ओलं झालं होतं. मी उलट त्यांच्यावरच ओरडले, "अहो, हाक मारायची की! मी नळावरच होते, शेजारची घरात होती!"

"मारणारच होते गं," त्या म्हणाल्या, "पण कुणीकडे तोंड करून मारू, तेच कळेना."