पडवीतली पावलं

चहा संपेपर्यंत हसणार नसाल तर सांगतो. माझी एवढी शोभा पुन्हा कधी झाली नाही.

पंचावन्न साल असेल. मुलुंडला आमच्या घरामागे विहीर, तिच्यामागे थेट डोंगराचं रान. मी कॉलेजात प्राणिशास्त्राचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. आमचे सर नकाशा करत होते. कुठला सस्तन प्राणी कुठवर सापडतो ते टिपायचं. बऱ्याच प्राण्यांची हद्द एकाच ठिकाणी संपली की तिथे रेघ. तिथे एक प्रदेश संपला, दुसरा सुरू झाला. लोरिस, म्हणजे ते बारकं, बटबटीत डोळ्यांचं वानर, या रेघेच्या पार दक्षिणेला. आणि मी कायम होणार की नाही, हे सरांच्या हातात.

त्या भाद्रपदात तिन्हीसांजेला जांभळीत डोळे दिसले. गोल, समोर रोखलेले, न मिटणारे. आई म्हणाली, तिकडे बघू नकोस. मला मात्र तो लोरिसच वाटला आणि सरांची रेघ मुलुंडपर्यंत सरकताना दिसायला लागली. ठसे मिळावेत म्हणून सकाळी मागच्या पडवीत चाळलेली राख पसरली आणि कॉलेजात गेलो. घरात सांगायची गरज काय? शास्त्रज्ञ ना आपण!

संध्याकाळी बघतो तर अंगावर काटाच आला. चिमुकली पावलं, पाच-पाच बोटांची. विहिरीकडच्या पायरीपासून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. सगळी आत आलेली. बाहेर गेलेलं एकही नाही.

म्हणजे ते घरातच होतं! कंदील घेऊन माळा पालथा घातला. काही नाही. राखेला कुणी झाडू लावायचा नाही, असं बजावलं. नवी नवरी असलेली माझी बायको लाजून आत पळाली. का, ते विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनाच घरी आणलं. भिंग घेऊन ते गुडघ्यांवर बसले.

"हे परत गेलंच नाही?" त्यांनी हळूच विचारलं. मी माळ्याकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात चहा घेऊन बायको आली. "सर, ती मी काढलीत. माझी पहिलीच गौर ना. सासूबाईंनी सरावाला राख पसरलीय असं वाटलं, म्हणून मुठीनं पावलं उमटवून बघितली."

"मग बाहेर जाणारी?"

"गौरीची हो ती. माहेरी आलेली लगेच कशी जाईल?"

सर म्हैसूरकडचे, त्यांना ही रीत ठाऊक नसणार. पण मी? माझ्या आईनं दरवर्षी हीच पावलं काढलेली.

सरांनी गुडघे झटकले. "रेघ आहे तिथेच राहू दे. गौरीची पावलं न ओळखणारा कोकणी माणूस मात्र प्रथमच सापडला. आपल्या प्रदेशाबाहेरचा सस्तन प्राणी म्हणून तुझी नोंद करतो."

त्या तिन्हीसांजेला जांभळीत ते डोळे पुन्हा चमकले. मी मुकाट्यानं खिडकी ओढून घेतली. एका दिवसात एका प्राण्याची नोंद पुरे.