सात पावलांची जागा

"बाजू व्हा, बाजू व्हा," असं हलक्या आवाजात म्हणत आणि उजवा हात छातीपुढे धरून शेजारचे काकाजी महाल भागातल्या आमच्या गल्लीतून दूध आणायला जात. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर मागून कोण मोठा माणूस येतोय म्हणून वळून पाहिलं असतं. मागून कोणी येत नसे. फार तर एखादी सायकलरिक्षा.

ते कोर्टात चोपदार होते. न्यायमूर्ती आपल्या खोलीतून निघून खुर्चीवर बसेपर्यंत त्यांच्यापुढे सात पावलांवर चालायचं, पगडी घालून, हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन. रस्ता मोकळा करायचा आणि शेवटी कमरेत वाकून सलाम करायचा. नोकरी संपली तेव्हा पगडी आणि काठी सरकारने परत घेतली. सात पावलांची जागा तेवढी त्यांच्याकडे राहिली. बाजारात जाताना काकूही त्यांच्या मागे सात पावलांवरून चालत. "जवळ गेली का म्हणतात, अंतर ठेव," त्या मला सांगत.

मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि असल्या थाटामाटाची मला चीड होती. एकदा मी त्यांना म्हणालो, "काकाजी, न्यायाला वाट दाखवायला माणूस लागतो, म्हणजे तो आंधळा आहे हे खरंच."

"आंधळा नाही गा प्रोफेसर," ते म्हणाले. "मोठ्या माणसाले खाली पाहाची सवय नसते."

त्यांचा खुबा मोडला तो न्हाणीत, ओल्या फरशीवर. ऑपरेशन करून धातूचा गोळा बसवला आणि मेच्या ऐन उन्हात घरी आणलं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सहा आठवडे कमरेत वाकायचं नाही. मांडी नाही, खाली बसणं नाही. गोळा निसटला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि यांचं हृदय दुसऱ्यांदा भूल सोसेल असं मला वाटत नाही."

काकूंना मी वाकण्याबसण्याचं तेवढं सांगितलं. पुढचं वाक्य मी एकटाच घेऊन फिरत होतो.

मुलगा भिलाईला नोकरीत. दोन दिवस राहून तो परत गेला. मला सुट्टी होती, म्हणून पहारा माझ्याकडे आला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडे खाट करकरली की मी भिंतीला कान लावायचो, आणि करकरली नाही की जास्तच वेळ. एकदा काकूंच्या हातून दुधाचा गंज खणकन पडला तर मी गालाला साबण लावलेला तसाच धावत गेलो. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन ते शांतपणे उताणे पडले होते.

"काय झालं गा? आग लागली का?"

"नाही, सहज आलो."

"अर्धी दाढी करून?"

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. ज्या न्यायमूर्तींपुढे ते सर्वांत जास्त वर्षं चालले, ते निवृत्त साहेब गुरुवारी संध्याकाळी भेटायला येणार होते. काकूंचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. यांनी साहेबांपुढे जन्मात कधी बूड टेकलं नव्हतं.

"साहेब येऊन राहिले आन् मी निजून राहू?"

"नुसता हात कपाळाला लावा," मी म्हणालो.

"त्याले सलाम नाही म्हणत. त्याले माशी हाकलणं म्हणतात."

"भाऊ, मी यायले लुगड्यानं खाटेले बांधून ठेवते," काकू म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या. लुगडं घडी करून उशाशी ठेवलेलं होतं.

साहेबांना येऊ नका म्हणून सांगायला मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. ते वर्ध्याला लेकीकडे होते आणि तिथून परस्परच इकडे येणार होते.

गुरुवारी दुपारपासून काकाजींनी धुतलेली टोपी मागून घेतली आणि दाराकडे पाहत राहिले. पाचच्या सुमाराला मला जवळ बोलावलं.

"गाडी चौकातच थांबीन. गल्लीत शिरत नाही. तिथून साहेब एकटे येतीन?"

"लहान आहेत का ते, काकाजी?"

"त्यायच्या पुढे माणूस पाह्यजे. तू जातं, तर मी हलत नाही. नाही तर हा उठलो." आणि त्यांनी दोन्ही कोपरं गादीत रोवली. पाठ चार बोटं वर आली.

"जातो!" मी ओरडलो.

पाठ टेकली. "सात पावलं. हात छातीपुढे. मागं वळून पाहाचं नाही. पावलं आयकाची."

असा मी, चोपदार या पदाची वर्गात तासभर टिंगल करणारा माणूस, भर संध्याकाळी "बाजू व्हा" म्हणत माझ्याच गल्लीतून चाललो. पानठेल्यावर माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्याने तोंडातली विडी काढली आणि पुन्हा घालायची विसरला. घरापासून वीसेक पावलांवर मागची पावलं ऐकू येईनाशी झाली. मी वळलो. उघड्या नालीच्या काठावर एक किडकिडीत म्हातारा मोसंबीची पिशवी घेऊन थांबला होता आणि पाय कुठे टाकावा हे त्याला कळत नव्हतं. मी परत गेलो आणि हात दिला.

आत काकाजी उताणेच होते. जोडलेले हात कपाळाला, मानेच्या शिरा ताठ. सगळं अंग वाकायला निघालेलं आणि कंबर तेवढी गादीला धरून ठेवलेली. माझे डोळे त्या कमरेवर. गुडघ्यांमधली उशी बोटभर सरकली.

"पडून राहा," साहेब म्हणाले.

त्यांचा हुकूम काकाजींनी कधी मोडला नव्हता. अंग सैल झालं.

खुर्ची मांडलेली होती, पण साहेब दहा मिनिटं उभेच राहिले. खुर्ची डुगडुगत होती म्हणूनही असेल. मी आदराचे पुरावे सहजी मान्य करत नाही. पण त्यांनी ती हलवूनसुद्धा पाहिली नव्हती.

त्यांना गाडीपर्यंत पोचवून मी परत आलो. काकाजींचे डोळे मिटलेले होते.

"मधात थांबला होता तू."

"नाली होती."

"मागं पाह्यलं?"

"पाहिलं."

"हात देल्ला?"

"दिला."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीवर ठेवली. "नियमात नाही ते," मग म्हणाले. "पण ठीक केलं."

गोळा निसटला नाही. सहा आठवडे सरले, पावसाळा निघून गेला आणि ते काठी टेकत पुन्हा दुधाला निघाले. आता काकू त्यांच्या कोपराला कोपर लावून चालत. "अंतर ठेव," ते म्हणत. "नाही ठेवत जा," त्या म्हणत. हे दररोज, दूधवाल्यापर्यंत. आणखी सहा वर्षं.

ते गेले त्याला आता बरेच दिवस झाले. दूध आणायला काकू एकट्या जातात. गल्लीत गर्दी असली तरी त्या पुढच्या माणसाला गाठत नाहीत. तो लांब जाईपर्यंत थांबतात, मग पाऊल उचलतात. मी एकदा दारातून पावलं मोजली, सात.

आता त्या अंतर ठेवतात.