उभेराव बसले त्याची गोष्ट

आमच्या शेजारी खुर्च्या-सोफे दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून घर, त्यांच्या खिडकीला पडदा नाही आणि माझे डोळे चांगले, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जेवायचे ओट्याशी उभे राहून, चहा प्यायचे दाराला टेकून. केस कापायला गेले तरी उभेच. न्हावी बिचारा स्टुलावर चढून कात्री चालवायचा. झोपायचे मात्र आडवे. खात्री करून घेतली आहे, कशी ते विचारू नका. ‘उभेराव’ हे नाव मीच ठेवलं, आणि ते गल्लीत इतकं रुळलं की दुकानाची पाटी रंगवणाऱ्यानंही तेच रंगवून टाकलं.

आता खुर्च्यावालाच बसत नाही म्हटल्यावर दुरुस्त झालेली खुर्ची तपासायची कुणी? ते काम माझ्याकडे. काथ्या भरून, रेक्झिन ताणून, खिळे ठोकून झाले की भिंतीवर टकटक व्हायची, “वहिनी, जरा येता का?” मी जायची, धपकन बसायची, इकडे-तिकडे डुलायची आणि निकाल द्यायची. वहिनींच्या खाली जी खुर्ची कुरकुरली नाही ती तुमच्या नातवंडांना पुरेल, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. आमच्या ह्यांच्या मते हा अपमान होता. मला मात्र बरं वाटायचं. माझ्या शब्दाला नाही तर निदान वजनाला तरी कुठेतरी किंमत होती.

एकदा अशीच बसल्या बसल्या मी विचारलंच, की तुम्ही स्वतः का हो बसत नाही. त्यांच्या तोंडात खिळे होते. एकेक काढत, ठोकत, तुटक तुटक सांगत गेले. त्यांचे वडील फार विनोदी गृहस्थ. पोरगं बसायला गेलं की मागून खुर्ची ओढायची, हा त्यांचा हुकमी विनोद. पाहुणे आले की हमखास. पोरगं आपटायचं आणि अख्खं घर हसायचं, आईसुद्धा.

“कुणी हसलं की मी अजून पडतो,” उभेराव म्हणाले आणि शेवटचा खिळा वाकडा ठोकला. त्यांच्या हातचा वाकडा खिळा मी तेवढाच पाहिला.

मग गल्लीत रोलरवाल्या बाई आल्या. रस्ता दाबायचा रोलर चालवणाऱ्या, चाळिशीच्या पुढच्या. सीटची स्प्रिंग तुटली म्हणून रोलर घेऊनच आल्या. तो वळणावर दिसला तेव्हा मी भांडी घासायला घेतली, आणि दुकानापाशी पोहोचला तेव्हा पुसून फडताळात लावून झाली होती. सीट दुरुस्त झाली, मी बसून पास केली, तरी बाई येतच राहिल्या. कधी हाताचा टेका हलतो, कधी पट्टा सैल होतो. शेवटी त्यांनी नवी सीट बसवून घेतली आणि जुनी उभेरावांना ठेवायला दिली. दुसऱ्या कुणी फुलं दिली असती. तोवर आमचा रस्ता असा गुळगुळीत झाला होता की पोरांच्या हातून सुटलेली गोटी थेट चौकात सापडायची.

लग्नाचं सगळं जमलं आणि ताटावर अडलं. बाई जेवायला बसल्या की त्यांचा पहिला नवरा डोक्याशी येऊन उभा राहायचा. हाताची घडी घालून, काही न बोलता, शेवटचा घास उतरेपर्यंत. ते घर सोडून बाईंना वर्षं लोटली, पण जेवताना कुणी जवळ उभं राहिलं की अजून त्यांचा घास अडतो. रोलर का धरला, तर तिथे डोक्याशी उभं राहायला कुणाला जागाच नसते. म्हणजे बघा, जगात एवढी माणसं, आणि जिला उभा माणूस सोसत नाही तिच्या नशिबी हा न बसणारा.

उभेरावांनी उपाय शोधायला सुरुवात केली. गुडघे टेकून जेवले. बाई म्हणाल्या, कर्ज मागायला आल्यासारखं वाटतं. आडवे पडून जेवले. ठसका लागला, मला धावत जाऊन पाठ थोपटावी लागली. मग मागच्या अंगणात खड्डा खणला, टेबलाशेजारी. त्यात उभे राहिले की डोकं बरोबर बाईंच्या डोक्याएवढं यायचं. बाईंनी बराच वेळ त्या डोक्याकडे पाहिलं.

“मला समोर माणूस हवाय,” त्या म्हणाल्या, “कुंडीतलं झाड नको. पण मी तुम्हाला बसा म्हणणार नाही. ओढलेला माणूस तुम्ही, ढकलणार नाही मी. जमलं तर मी समोर आहे. नाही जमलं तर जेवण आपापल्या घरी करू, आणि मग लग्न नको.”

त्यानंतर त्यांच्या घरातून दिवसभर ड्रिलचा आवाज. भिंतीवर टकटक झाली तेव्हा मी आधीच दारात होते. आत बाईंची खुर्ची नटबोल्टनं जमिनीत पक्की केलेली. समोर रोलरची जुनी सीट, पट्ट्यासकट, तीही पक्की. टेबलसुद्धा. ओढायची सवय लागलेला माणूस कशालाही हात घालतो, असं त्यांचं म्हणणं.

“वहिनी, ओढा.”

मी सगळा जोर लावला. खुर्ची हलली नाही, माझी कंबर हलली.

बाई आल्या, बसल्या. उभेराव सीटपाशी गेले, दोनदा मागे वळून पाहिलं, आणि थंड पाण्यात उतरावं तसे बसले. पट्टा लावला. चेहरा पांढराफटक. मी उंबऱ्यावर टेकले, कारण त्या खोलीत उभं राहायची आता कुणालाच मुभा नव्हती.

बाईंनी ताटाकडे हात नेला. पोहोचेना. उभेरावांनी नेला, त्यांचाही पोहोचेना. जन्मभर उभ्यानं जेवलेला माणूस. खुर्ची आणि टेबल यांत अंतर किती ठेवायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. उभ्यानंच हात लांबवून मोजलं होतं. मधे एवढी जागा की एक गाय निवांत रवंथ करत बसली असती. पैलतीरावर वाटाणे निवत होते आणि अलीकडे दोघं हात लांब करून बसलेले.

बाईंना हसू फुटलं. दाबलं, आणखीच फुटलं.

उभेराव ताडकन उठायला गेले. पट्ट्यानं धरलं, पुन्हा खाली आले. सीट जिथल्या तिथे. त्यांनी खाली पाहिलं, बाजूला पाहिलं, सीट चाचपली.

“हसलात,” ते म्हणाले.

“हसले.”

“आणि मी पडलो नाही.”

बाईंचं हसू थांबलं, आणि तेवढ्यात उभेरावांना हसू आलं. वर्षानुवर्षं न उघडलेली दाराची कडी उघडावी तसा काहीतरी आवाज आला. मला वाटलं पुन्हा ठसका. ताटं मी नेऊन दिली, बदकासारखी उकिडवी चालत, बाईंच्या डोक्याशी उभं राहायला नको म्हणून. दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली. बाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

लग्न झालं. टेबल अजून तिथेच आहे, त्यावर धुतलेले कपडे घड्या करून ठेवतात. जेवताना ते “बसलो हं” म्हणतात, मग बाई पहिला घास घेतात. न्हाव्याचं स्टूल मात्र सुटलेलं नाही. बाहेर उभेराव अजून उभेच.

परवा दोघं आमच्याकडे चहाला आली. उभेराव दाराला टेकणार, तर बाईंनी आमच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. ते मागे वळून बघत बघत बसले. पट्टा नाही, बोल्ट नाही. आमचे हे काही विनोद करणार होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला. अर्धा कप संपेपर्यंत उभेराव बसले, मग जरा डावीकडे झुकले, जरा उजवीकडे.

“वहिनी,” ते म्हणाले, “ही कुरकुरते. उद्या दुकानात पाठवा.”

माझी नोकरी गेली.