दुहेरी हिरा

रोह्याच्या बाजारात चपलांचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांना नाण्यांचा नाद आहे. नाण्यावरच्या सालाखाली टांकसाळीची खूण म्हणून असलेला बारीक हिरा दुहेरी दिसला, की लोक लाखांची स्वप्नं घेऊन त्यांच्याकडे येतात. ते भिंग लावून नाणं हळूहळू कलतं करतात. नाणं छापायच्या ठशावरच हिरा दोनदा ठोकला गेला असेल, तर दुसराही पहिल्यासारखा उठावदार असतो; मोल त्यालाच. छापताना यंत्र नुसतं घसरलं असेल, तर कडेला सपाट पायरी राहते. पायरी दिसली, की ते नाणं परत देत म्हणतात, "दिसतंय दोन, पण हाय एकच."

मी पाहायला गेलेल्या पेणच्या प्रदर्शनात त्यांचं एक नाणं काचेखाली होतं, शेजारी 'दुर्मिळ' अशी पाटी. त्यासाठी त्यांचा सत्कार ठरला होता. पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा येणार होते. तेवढ्यात कासू गावच्या एक बाई म्हणाल्या, "काका, माझं पण असंच हाय. त्याला तुम्ही नाय म्हणालात."

"आणलंस काय, बाय?"

काकांनी काचेखालचं आपलं नाणं काढलं आणि दोन्ही नाणी भिंगाखाली धरली. आळीपाळीने ती कलती करून पाहिली.

"व्हय गो. दोन्हींना पायरी हाय. माझं मी इतकं निरखलंच नाय कधी."

आयोजक कुजबुजले, "राहू द्या हो. पाहुण्यांना काय कळतंय?"

"हिला कळलं ना," म्हणत त्यांनी पाटी स्वतः काढली.

शाल आणलेली होती, म्हणून सत्कार पाहुण्यांचाच झाला. नंतर बाहेर काकांनी मला चहा पाजला आणि चहाच्या पैशांत आपलं ते नाणंही दिलं. चहावाल्याने न बघताच ते गल्ल्यात टाकलं.